धुऱ्यावरची हाक

माफी मी मागितलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत ती गोष्ट आता भलतीच होऊन बसली आहे. ख्रिसमसच्या पंगतीत, कुणाच्या साखरपुड्यात, कोणीतरी नव्या सुनेला सांगत असतं की आपल्या करुणाबाईंनी तरुणपणी भर चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली आणि मग असं गाणं म्हटलं की सगळे रडले. गाणं म्हटलं हे खरं. रडलं कोणी नाही, आणि माफीचा तुकडा कोणीतरी मागाहून जोडला आहे, बहुतेक माझी अब्रू झाकायला. माझी अब्रू उघडीच बरी आहे. गुडघे गेले, वरच्या सुरात आवाज खरवडतो, पण डोकं अजून जागेवर आहे, तर झालं तसं लिहून ठेवते. ज्याला आवडणार नाही त्यानं पान उलटावं.

आमचं घर भंडाऱ्याकडे, अड्याळच्या अलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली होतं. दोन खोल्या, पुढं सपरी म्हणजे ओसरी, सपरीत बाबांची जाळी टांगलेली. सकाळी जाग यायची ती जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजल्याच्या आवाजानं. बाबा जाळं खांद्यावर टाकून निघाले की तो आवाज पाळीवर चढत जायचा आणि पलीकडे उतरला की बंद व्हायचा. मग मायचं सूप सुरू. आमच्याकडे भात आणि लाखोळीची डाळ हे रोजचंच, त्यात बाबांना झिंगे मिळाले की वांग्यात झिंगे, आणि नाहीच काही मिळालं तर मिठाचं पाणी घातलेला रात्रीचा भात आणि भाजलेली मिरची. रविवारी माय डाळ चुलीवर ठेवून चर्चला यायची. प्रवचन लांबलं की तिचा सगळा जीव त्या डाळीत. डाळ करपली तर संध्याकाळपर्यंत पाळकसाहेबांच्या नावानं बोटं मोडायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा डाळ ठेवूनच यायची. तिला कितीदा म्हटलं, आल्यावर ठेव. ती म्हणायची, मग देवाले कसं कळल का मले घाई हाये.

चर्च म्हणजे चुन्यानं रंगवलेली एक लांब खोली, वर टिनाचं छप्पर, अंगणात कडुनिंब, आणि त्या निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. आत सतरंज्या. डावीकडे बाया, उजवीकडे माणसं. दार मागच्या बाजूला, आणि दाराला बाहेरून एकच पायरी, पण इतकी उंच की नवखा माणूस तिथं एकदा तरी ठेचकाळायचाच. आम्ही लहानपणी पाहुण्यांच्या मागं मुद्दाम थांबायचो, कोण आपटतं बघायला. बांधणाऱ्यानं तिथं दुसरी पायरी का घातली नाही हे देवाला ठाऊक. अजूनही ती तशीच आहे, फक्त वर फरशी बसवली, त्यामुळे आता ठेचकाळण्याच्या जोडीला घसरणंही होतं.

बाबा तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचं रातभर चालणारं नाचगाण्याचं नाटक, आणि बाबांच्या ढोलकीला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. एकदा त्यांनी ती ढोलकी उपासनेला आणली. पंचांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, सांगितलं की जी दंडारीत वाजली ती देवाच्या घरात चालणार नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन ढोलकी पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. मी तेव्हा फार लहान होते, पण उन्हाळ्यात कातडं तडतडलं की माळ्यावरून बारीक आवाज यायचा आणि बाबा जेवता जेवता वर बघायचे ते मला चांगलं आठवतं. मला तेव्हापासून त्या गप्प बसण्याचा राग होता. बाबांचा नाही. गप्प बसण्याचा.

मी कॉलेजचं पहिलं वर्ष नापास होऊन घरी बसले त्या सुमारास नवे पाळकसाहेब आले. तरुण, सडसडीत, शहरात वाढलेले. मोटारसायकलच्या मागं त्यांची बायको आणि बायकोच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड. तोवर आमच्याकडे गाण्याचं कसं होतं, तर एक निवृत्त मास्तर होते, तेच पंचांमध्ये मोठे, ते खोकून सूर द्यायचे आणि बाकीचे त्यांच्या मागं जमेल तसे जायचे. पाळकसाहेबांनी आल्या आल्या सांगितलं की मंडळीला गायनमंडळ हवं. आता त्याला वर्शिप टीम म्हणतात, तेव्हा गायनमंडळच म्हणायचो. आणि एका रविवारी त्यांनी मला पुढं बोलावलं आणि जाहीर केलं की गायन करुणा पुढं होऊन चालवेल. पंचांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मुलगी, ती पण नापास झालेली, आणि तिनं माणसांच्या पुढं उभं राहायचं? पाळकसाहेब हटले नाहीत. हे त्यांचं ऋण मी कबूल करते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांना वाईट म्हणू नये. मला उभं करणारेही तेच होते.

आता गायन चालवायचं म्हणजे काय, हे मला कीबोर्डनं शिकवलेलं नाही. ते मला मायनं शिकवलं, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. धान पेरून जे पऱ्हे येतात ते उपटून चिखलात पुन्हा रोवायचे, ही आमच्याकडची रोवणी. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, रोवतात आणि एकेक पाऊल मागं सरकतात. मागंच, कारण पुढं गेलं तर रोवलेलं तुडवलं जाईल. दिवसभर कमरेत वाकून असं उलटं चालायचं तर गाणं लागतंच. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या झेलतात, आणि त्या झेलण्यावर हात चालतो. माय ओळ उचलणारी होती. तिचा आवाज काही फार गोड नव्हता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की गोड आवाजाचं इथं लोणचं घालायचं का? ओळ उचलणारीचं काम आहे सगळ्यात मागं पडलेल्या हाताकडं ध्यान ठेवण्याचं. जिचा हात धिमा, ती रोवून उभी होईपर्यंत ओळ लांबवायची. ती एकटी मागं राहिली तर ओळ तुटली, आणि ओळ तुटली की गाणं गेलं, कामही गेलं.

आमच्या ओळीतला धिमा हात मुक्ताआजीचा. ही आमची नात्यातली कोणी नव्हती, दोन घरं सोडून राहणारी म्हातारी, उजव्या हाताची बोटं विळ्यानं कापून वाकडी झालेली, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी वाट बदलावी. ती नेहमी ओळीच्या टोकाला. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या काठावर, बाबा उभे असायचे. पऱ्ह्यांच्या जुड्या फेकायच्या आणि बायांची पाठ धुऱ्याला लागायला आली की हाक द्यायची, "धुरा आला वो." बायांना मागचं दिसत नाही ना. ती हाक आली की ओळ थांबायची, कमरा सरळ व्हायच्या, पाणी प्यायचं, दुसरी बांधी.

रोवणीच्या दिवसांत गायनमंडळाच्या सरावाला कोण येणार? पाळकसाहेब संध्याकाळी कीबोर्ड मांडून बसायचे आणि बाया चिखलाचे पाय घेऊन परस्पर घरी जायच्या. मग मी त्यांना म्हटलं, सराव मी बांधीत घेते. त्यांना हसू आलं, पण त्यांनी हो म्हटलं. आणि बांधीत आमचं एक गाणं तयार झालं. शब्द निम्मे मायचे, निम्मे माझे, चाल रोवणीची.

पेरनारा आला वो बाई, आला धुऱ्यावरी,
मूठभर धान देल्लं त्यानं माह्या पदरी.

पाळकसाहेबांच्या प्रवचनातला, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला तो बी पेरणारा माणूस मायला फार आवडला होता. फक्त तिचं म्हणणं होतं की खडकावर आणि काट्यांत बी टाकतो म्हणजे याला शेती येत नाही, पण मन मोठं आहे. ते गाणं रविवारी म्हटलं तेव्हा ज्या बाया कधी ओठ हलवत नव्हत्या त्यांनी ओळ झेलली. माझ्या अंगावर काटा आला. पाळकसाहेबही खूश. म्हणाले, जिल्ह्याच्या मेळाव्यात हेच म्हणायचं.

इथं जरा आजचं सांगते. माझी भाची आता टीम चालवते. पडद्यावर शब्द येतात, पोरांच्या कानात बारीक यंत्र असतं आणि त्यात म्हणे एकसारखी टिकटिक वाजते. ती म्हणते, आत्या, त्यानं लय सुटत नाही. लय सुटत नाही हे खरं आहे. पण मागच्या खुर्चीवरची म्हातारी सुटते, तिचं काय करता, असं मी विचारते तेव्हा ती यंत्र कानातून काढून हसते. गुणी पोर आहे. आजकाल कधीकधी ते काढूनच गाते.

मेळावा भंडाऱ्याला होता, धान कापून झाल्यावर. दोन काळीपिवळी करून आम्ही गेलो. बायांनी इस्त्रीची पातळं नेसलेली, मुक्ताआजीनं केसांना तेल इतकं लावलेलं की कानामागून ओघळत होतं. शाळेच्या पटांगणावर मोठा मांडव, उंच स्टेज, स्टेजच्या मागं निळी कनात आणि तिच्यावर थर्माकोलची अक्षरं. समोर सगळ्या जिल्ह्यातल्या मंडळ्या आणि पहिल्या रांगेत सोफ्यावर मोठे साहेब. पाळकसाहेब कीबोर्डजवळ. मी ओळीच्या एका टोकाला, मुक्ताआजी दुसऱ्या. मी ओळ उचलली.

काय गायल्या बाया! आजवर तसं गाणं आमच्याकडून पुन्हा झालं नाही. पहिलं कडवं झालं, आणि मला जाणवलं की आमची ओळ सोफ्यापासून लांब चालली आहे. दुसऱ्या कडव्याला पाय अजून मागं. बायांनी ते गाणं पायांसकट पाठ केलं होतं. झेललं की मागं, झेललं की मागं. माझेही पाय सरकतच होते, खोटं कशाला बोलू. धुऱ्यावर बाबा असते तर हाक आली असती. इथं मागं निळी कनात, आणि कनातीमागं स्टेज संपलेलं, हे कोणाला दिसणार? स्टेजची ती बाजू कोपऱ्यात तिरपी होती. मुक्ताआजी टोकाला, म्हणून पहिली तीच गेली. कनात, अक्षरं, आजी, सगळं एकदम खाली.

खाली मांडववाल्यानं गाद्या रचून ठेवल्या होत्या म्हणून हाड मोडलं नाही. आणि पुढचं जे झालं त्याला मी आजही हात जोडते. कनात खाली बसते न बसते तोच स्टेजच्या मागून, दिसत काहीच नाही, मुक्ताआजीच्या फाटक्या आवाजात ओळ आली, "माह्या पदरी वो बाई, माह्या पदरी." तिनं ओळ सोडली नव्हती. पण मग मांडव जो हसला! पोटं धरून हसले लोक. मोठे साहेब रुमालात तोंड खुपसून हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी पाळकसाहेबांचा चेहरा पाहिला. कानापर्यंत लाल झालेले, कीबोर्डवरचे हात उचललेले, आणि नजर खाली.

 परतीच्या वाटेवर गाडीत मुक्ताआजी म्हणाली, पडलो त पडलो, ओळ नाई सोडली.

त्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. मास्तरांना इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायला मिळालं. जिल्ह्यापुढं गावाची शोभा झाली, बाईमाणसाच्या हाती गायन दिलं की असंच व्हायचं, वगैरे. ते बोलणार हे ठरलेलंच होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पाळकसाहेबांचं. त्यांनी मास्तरांच्या बोलण्याला मान डोलावली. पुढं मला बोलावून सांगितलं की बांधीतली चाल आता बंद, बाया पुढं उभ्या राहणार नाहीत, गायन मास्तरांचे जावई कीबोर्डवर चालवतील. मला गायनमंडळात राहायचं असेल तर येत्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून माफी मागायची. आणि मुक्ताआजींना मी कळवलंय, ते म्हणाले, की त्यांचं आता वय झालं, त्यांनी बसून ऐकावं.

बाकीचं मी गिळलं असतं, कोण जाणे. हे शेवटचं गिळवेना. मी तशीच मुक्ताआजीकडे गेले. ती सपरीत बसून वाकड्या बोटांनी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. ही म्हातारी, जिनं मास्तरांना तोंडावर खडे बोल सुनावलेले, ती त्या दिवशी शेंगांकडेच बघत राहिली. म्हणाली की बरोबर हाये त्याहीचं, माह्यामुळं तुमची फजिती झाली, आता मी येत नाई. उपासनेलाच येत नाही म्हणाली. शेंगा सोलण्याचा हात थांबला नाही, पण डोळे गळत होते आणि ते पुसायलाही तिनं हात थांबवला नाही. मला असा संताप आला की घरी येईस्तोवर मी वाटेत एका कुत्र्याला उगाच हाकललं.

त्या संध्याकाळी ताटावर बाबा म्हणाले, "दोन शबद बोलून टाक, बाई. सोपं राह्यते. मी नाई का ठेवली ढोलकी?" ते मला बाईच म्हणायचे. आवाजात राग नव्हता, नुसती थकलेली माया होती, आणि तिचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं की ठेवली ना, मग वर काय बघता जेवताना? बोलले आणि जीभ चावली. बाबांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. माय चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "काहून मांगावं तिनं? काय चोरलं?" मग डाळीत पळी ढवळत राहिली, आणि बाबा थोड्या वेळानं पुन्हा जेवू लागले.

रविवारपर्यंत मी खरोखर विचार केला. तेवढी शिस्त होती मला. गुडघ्यावर बसून देवाला विचारलं की बाबा रे, माझ्याकडून काय चुकलं ते दाखव, मी मागते माफी. मुक्ताआजी पडली त्याचं वाईट वाटत होतं, तिची माफी मी तिच्यापाशी मागितलीच होती आणि तिनं मला शेंगा फेकून मारल्या होत्या. पण मंडळीची माफी कशाची? बाया जशा जगतात तशा गायल्या याची? मागं सरकल्या याची? मला काही सापडलं नाही. शनिवारी मी मायला म्हटलं, उद्या मुक्ताआजीला कसंही करून घेऊन ये.

पुढं काय निघालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे मग मध्ये थांबायला नको. काही रविवार आम्ही बाया कडुनिंबाखाली उपासना केली, आत माणसं आणि कीबोर्ड. मग एका रविवारी पाळकीणबाई, त्या शहरातल्या अबोल बाई, पदर खोचून बाहेर आल्या आणि आमच्या ओळीच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यानंतर पाळकसाहेब किती दिवस तग धरणार? गायन माझ्याकडे परत आलं ते केस पिकेपर्यंत राहिलं. पाळकसाहेब बदलून गेले त्यालाही आता युग लोटलं, पण ख्रिसमसला त्यांचा फोन येतो, आणि मास्तरांच्या अंत्यविधीला त्यांच्याच घरच्यांनी सांगून रोवणीच्या चालीचं गाणं म्हणवलं. मी म्हटलं. मनात काही न ठेवता म्हटलं. बाबांची ढोलकी मात्र माळ्यावरच राहिली, तिच्या कातड्याला उंदीर लागले होते.

तर तो रविवार. खोली भरलेली. असं काही असलं की कधी न येणारेही येतात. मुक्ताआजीला मायनं आणलं होतं, पण ती पुढं यायला तयार नव्हती. दाराच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून, काठी मांडीवर घेऊन बसली होती. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं आणि मी सगळ्यांच्या पुढं, क्रुसाकडे पाठ आणि मंडळीकडे तोंड करून उभी राहिले. ते हलक्या आवाजात म्हणाले, बोल. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. बाबा माणसांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, सतरंजीकडे बघत बसले होते.

मी म्हटलं, "माफी मांगाले काही सापडलं नाई, साहेब. मी लय धुंडलं." आणि वळले. मंडळीकडे पाठ, क्रुसाकडे तोंड, जशी बाई बांधीत उभी राहते तशी. आणि ओळ उचलली.

पेरनारा आला वो बाई, आला धुऱ्यावरी.

कोणी झेललं नाही. ओळ उचलावी आणि झेलायला कोणी नसावं, यासारखी दुसरी नागडी वेळ नाही. माझी पाठ सगळ्यांना दिसत होती आणि मला कोणीच दिसत नव्हतं. टिनावर निंबाच्या फांदीचं घासणं ऐकू येत होतं. पाळकसाहेब म्हणाले, करुणा, पुरे. मी तीच ओळ पुन्हा उचलली, पहिल्यापेक्षा धिमी. मुक्ताआजीच्या हाताइतकी धिमी.

आणि दारापासून तो फाटका आवाज आला. "माह्या पदरी वो बाई, माह्या पदरी." काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, ती उठून उभी राहिली होती. मग मायचा आवाज. मग डावीकडच्या सतरंजीवर बांगड्या वाजल्या, पातळांची सळसळ झाली आणि बाया उठायला लागल्या. मागं वळून बघायची गरज नव्हती, पायांच्या आवाजावरून कळत होतं की ओळी लागल्या आहेत. मी ओळ उचलली, त्यांनी झेलली, आणि सगळ्यांनी एक पाऊल मागं टाकलं. मी काही ठरवलेलं नव्हतं. ओळ उचलली की पाय मागं जातात, आमचं अंगच तसं झालं आहे. पण दुसऱ्या पावलाला मला कळलं की मागं दार आहे आणि आम्ही चाललो आहोत. मी थांबवलं नाही. मास्तर ओरडले की पाठ दाखवून निघाल्या या. काय दिसत होतं त्यांना कोण जाणे. आमच्यातल्या एकीचीही पाठ देवाकडे नव्हती. सगळ्यांची तोंडं क्रुसाकडे, हात जोडलेले, गाणं चालू, आणि पावलं दाराकडे.

तेवढ्यात मला आठवलं. पायरी. ती उंच पायरी, आणि मागं सगळ्यात आधी मुक्ताआजी. एकदा पडली होती, आता गाद्या नव्हत्या. मी ओळ सोडून ओरडणार, तोच उजवीकडून कोणीतरी उठल्याचं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. बाबा. माणसांच्या रांगेतून वाट काढत, भिंतीच्या कडेनं, ते आमच्याही आधी दाराशी पोचले. मास्तरांनी त्यांना नावानं हाक मारली, बसा म्हणाले. बाबा बसले नाहीत. आणि मग आली ती हाक, धुऱ्यावरची, जिच्यानं अख्खी बांधी थांबते तशी, त्या देवाच्या घरात, त्यांच्या पुऱ्या आवाजात.

"पायरी आली वो."

ओळ थांबली. मुक्ताआजी उतरली. मग तिच्या शेजारची, मग माय. गाणं तुटलं नाही. एकेक बाई पायरीशी आली की हाक यायची, एकेक बाई उतरायची, तोंड आतच. बायांची बाजू रिकामी होत चालली होती आणि पाळकसाहेब माझ्यासमोर दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून उभे होते, एकही पट्टी न दाबता. मी त्यांच्या डोळ्यांत बघत मागं चालत राहिले. ओळ उचलणारी म्हणून मी शेवटची. टाचेखाली उंबरा लागला. माझ्यामागं बाबा होते, एका हातात आजीची काठी, आणि आता त्यांना मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

"पायरी आली, बाई," ते म्हणाले. मी पाय मागं टाकला.